एसटीने ट्रेक

एसटीने ट्रेक म्हणजे स्वतःची गाडी न घेता, सार्वजनिक बसने एखाद्या पायथ्याच्या गावाला किंवा फाट्यावर उतरून तिथून डोंगर, जंगल नाहीतर समुद्रकिनारा पायी फिरणं आणि परत बसनेच घरी येणं. महाराष्ट्रात हे कित्येक वर्षं चालत आलंय, कारण एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या काही दशकांत ती अशा अशा गावांत जाऊन पोचली जिथे दुसरं काहीच जात नव्हतं, आणि नेमकी तीच गावं बऱ्याच किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या पायथ्याला आहेत. वेल्हे म्हणजे तोरणा, बारी म्हणजे कळसूबाई, खांडस म्हणजे भीमाशंकर, गाडीच्या बोर्डावर गावाचं नाव असतं आणि ट्रेकर त्यात डोंगर वाचतो.

लोकांना वाटतं एसटीने जायचं ते पैसे वाचवायला. पैसे वाचतातच (१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचे ग्रुप पण आता बरेच दिसतात), पण खरा फायदा वेगळाच आहे. स्वतःची गाडी पायथ्याला लावली की परत त्याच पायथ्याला उतरावं लागतं. एसटीवाल्याला ते बंधन नाही, तो एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरू शकतो, आणि सह्याद्री तर मुळात असाच चालायचा डोंगर आहे, कोकणातून देशावर जायच्या जुन्या व्यापारी वाटा होत्या त्या.

याचं सगळ्यात छान उदाहरण नाणेघाट. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी गाडी पकडायची, वैशाखरे गाव गेलं की पुढे नाणेघाटाच्या वाटेपाशी उतरायचं (कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, कारण झोप लागली की थेट माळशेजचा बोगदा येतो) आणि जंगलातून दोन-तीन तासांत वर. घाटमाथ्याच्या जरा खाली गुहा आहे, तिच्या भिंतींवर सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख, आणि वर खिंडीतून बाहेर पडलं की जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. तिथून पुढे घाटघर, आणि घाटघरवरून जुन्नर. सकाळी कल्याण स्टँड, संध्याकाळी जुन्नर स्टँड, दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी ज्या दिशेने गेला त्याच दिशेने आपण गेलो, उलटं फिरायची गरजच नाही. घाटघरहून जुन्नरला गाड्या मात्र ठराविक वेळेलाच असतात, तेवढं आधी जुन्नर डेपोला फोन करून विचारून घेतलेलं बरं.

भीमाशंकर पण तसंच. कर्जत किंवा नेरळ स्टेशनला उतरून खांडस गाठायचं, तिथून दोन वाटा फुटतात. गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण त्यात लोखंडी शिड्या आणि कातळातले अवघड टप्पे आहेत, पावसाळ्यात शिडी घाटाच्या नादी नवख्याने लागूच नये. वर पोचलं की अभयारण्याची गच्च झाडी सुरू होते, शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी दिसायची सगळ्यात चांगली जागा हीच, त्यासाठी मान वर करून शांत बसायला लागतं, आरडाओरडा करणाऱ्या ग्रुपला तो कधीच दिसत नाही. मंदिराजवळच एसटी स्टँड आहे आणि तिथून घोडेगाव-मंचरमार्गे पुण्याची गाडी मिळते. मुंबईकडचा माणूस लोकलने निघून पुण्यात उतरतो ते असं.

हरिश्चंद्रगडाला (१४२४ मीटर) कल्याण-नगर गाडीने खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या कडेने खिरेश्वर, मग टोलार खिंड. कर्नाळा त्याहून कितीतरी सोपं, पनवेलहून पेणकडे जाणारी साधी गाडी अभयारण्याच्या दारातच सोडते, पक्ष्यांसाठी सकाळी लवकर जा.

वासोट्याचं गणित जरा वेगळं. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला एसटी जाते, तिथे वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे जायचं आणि मग कोयनेचं दाट जंगल चढायचं. गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत लाँचने परत यावंच लागतं, आणि साताऱ्याहून सकाळी निघालेली एसटी उशिरा पोचली तर दिवस पुरत नाही. म्हणून आदल्या रात्री बामणोलीतच राहिलेलं चांगलं.

इथे मुक्कामी गाडीबद्दल सांगायला हवं, हिला वस्तीची गाडी पण म्हणतात. संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं घेऊन तालुक्याला परत येते. ट्रेकरसाठी ही गाडी सोन्यासारखी, शुक्रवारी संध्याकाळी तिच्याने गावात पोचायचं, देवळात किंवा कोणाच्या पडवीत विचारून झोपायचं आणि उजाडताच चढाईला लागायचं. पण ती गावकऱ्यांची गाडी आहे हे विसरू नये. मोठाल्या सॅका मांडीवर किंवा वरच्या रॅकवर ठेवाव्यात, सीटवर नाही, आणि परतीला गर्दी असेल तर आधी गावच्या लोकांना बसू द्यावं. गाडी चुकलीच तर देशावर वडाप (शेअर जीप) आणि कोकणात सहा आसनी रिक्षा असतेच, फक्त अंधार पडला की तीही बंद.

किनाऱ्यावर चालायचं असेल तर एसटीच्या वेळापत्रकाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं, आणि ते कोकणातल्या माणसाला तोंडपाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत गेलेलं. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही.

हा हिशोब गुहागर तालुक्यात चांगला वापरता येतो. चिपळूणहून गुहागर आणि तिथून वेळणेश्वरला मुक्कामाला जायचं. पौर्णिमेच्या सकाळी उजाडताच निघायचं, ओहोटीची ओली घट्ट पुळण (किनाऱ्याची वाळू) पायाखाली असते, ती संपली की पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर सड्यावर (कातळाच्या पठारावर), पुन्हा खाली, आणि दुपारच्या आत हेदवी. तिथे उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे, काळ्या कातळातली अरुंद भेग, उधाणाच्या भरतीला लाट तिच्यात घुसली की पाणी झाडाएवढं वर उडतं. लांबूनच बघायचं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचंही तेच, काळभैरवाच्या मागून पायऱ्या थेट समुद्राच्या खडकांवर उतरतात, ती वाट फक्त ओहोटीची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे झाल्यात, पावसाळ्यात तर जाऊच नये.

रत्नागिरी-राजापूर भागात सड्यावरची कातळशिल्पं (२०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत) बघायला सुद्धा एसटी बरीच जवळ नेते, उक्षी, देवाचे गोठणे, देवीहसोळ वगैरे. सड्यावर सावली अजिबात नाही, पाणी भरपूर घ्यायचं आणि चित्रांवर पाय द्यायचा नाही.

किनाऱ्याने अजून खाली गेलं तर वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत तेरेखोलला पोचता येतं, फेरीबोटीने खाडी ओलांडली की गोव्यातलं केरी. केरीहून हरमलपर्यंत समुद्राला धरून डोंगराच्या कडेने पायवाट आहे आणि हरमलहून म्हापशाच्या बस चालू असतात. त्या बसमध्ये बसताना सुट्टे पैसे ठेवा आणि शेवटच्या बसची वेळ हरमलला पोचल्या पोचल्या विचारा.