जुडीतली मेथी श्वास घेते

शंभर किलोमीटरच्या आतली भाजी म्हणजे पर्यावरणपूरक भाजी, हा समज मुंबई-पुण्यात चांगलाच रुजला आहे. पण अमेरिकेत वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी 2008 साली हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या घरगुती अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम 11 टक्के निघाला. बहुतेक उत्सर्जन पिकवतानाच होते. मग शेतापासून ताटापर्यंतची साखळी आखूड करायची कशासाठी? पालेभाजीच्या श्वासासाठी.

उपटलेली मेथी मेलेली नसते. तिच्या पेशी साखर आणि ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता तयार करतच राहतात. मुळांकडून पाणी मात्र बंद झालेले असते आणि गोणीतल्या अंधारात नवी साखर बनत नाही. कोथिंबिरीच्या गच्च गोणीत हात घाला, मध्यभागी ऊब लागते, ती या श्वसनाची. तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, कधी तिप्पटही. म्हणजे श्वसनाने ऊब वाढते आणि उबेने श्वसन. दुप्पटच धरले तरी 35 अंशांवरचे 12 तास पानांना 15 अंशांवरच्या 48 तासांइतके महागात पडतात. कांद्याचा श्वास मुळातच संथ, म्हणून तो लासलगावहून कुठेही जातो.

'फ्रिजमध्ये ठेवली की भाजीतला प्राण जातो' असे ठामपणे सांगणारे भेटतात. घडते नेमके उलटे: थंडीत श्वास मंदावतो, म्हणूनच भाजी जगते.

नाशिक ते मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. रस्त्याइतकाच वेळ बांधावर, लिलावात आणि वाशीच्या घाऊक बाजारात माल उतरवून पुन्हा चढवण्यात जातो. 2016 मध्ये राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेरचा फळे-भाज्यांचा व्यापार नियमनमुक्त केला. थेट विक्रीत हे तास वाचतात. पण भरदुपारी काढलेली जुडी ताडपत्रीखाली तापली, तर वाचलेले तास तिथेच खर्च होतात.

त्यावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष मला फार आवडतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू, बस. वाफ होताना एक लिटर पाणी जवळपास 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेते. मात्र हवा कोरडी हवी. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही. म्हणून तो कक्ष वाशीत नको, नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बांधावर हवा. आणि मेथी पहाटे उपटायला हवी, ऊन तिच्यात शिरायच्या आत.