ॲम्बॅसेडरचा कॅमशाफ्ट फिरत नसेल तर आधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक (१४८९ सीसी पेट्रोल इंजिन)

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. ब्लॉक बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि कॅमचे (म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे) बुश, तो ज्यात फिरतो त्या गोल नळ्या, बसवणं ही आमची रोजची कामं. जुनी ॲम्बॅसेडर जपणारी मंडळी अलीकडे इंजिन स्वतःच बांधायला घेतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. त्यांचा फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: "नवीन बुश टाकले, कॅम आत गेला, पण फिरत नाही. आता काय करू?"

आधी थांबा. हातोडी, पान्हा, पॉलिश पेपर, काहीही हातात घेऊ नका. कॅम का अडकतोय हे तो अडकण्याच्या पद्धतीवरून कळतं. जोर लावला की ती खूण पुसली जाते आणि मग आम्हालाही शोधत बसावं लागतं.

ही माहिती मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेल्या, ब्लॉकमध्ये कॅम असलेल्या १४८९ सीसी इंजिनाची आहे. १.८ लिटरच्या इसुझू इंजिनात कॅम हेडवर असतो. त्याचं काम वेगळं, त्याला हे पत्रक लावू नका.

या इंजिनाचा कॅम तीन बुशांवर फिरतो आणि तिन्हींची मापं वेगळी आहेत. कॅमचा पुढचा जर्नल (बुशात फिरणारा गोल भाग) साधारण ४५.४४ मिमी, मधला ४३.९२ आणि मागचा ४१.२२. कॅम पुढून आत सरकवायचा असतो, म्हणून मागे जाईल तसं माप कमी होत जातं. बुश आणि जर्नल यांच्यातला क्लिअरन्स (मोकळी जागा) एक ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी. माणसाचा केस याहून जाड असतो. एवढ्याशा जागेत तेलाचा थर राहतो आणि कॅम त्या थरावर फिरतो.

हे बुश बाहेरून स्टीलचे, आतून पांढऱ्या धातूचे असतात. ब्लॉकमध्ये दाबून बसवताना ते आवळले जातात आणि आतलं माप कमी होतं. म्हणून बसवल्यानंतर तिन्ही बुश एका रेषेत रीम करावेच लागतात, म्हणजे आतून कापून नेमक्या मापाला आणावे लागतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त इथल्याच असतात: बुश बसवले, रीमिंग राहून गेलं. दुकानातून आणलेला बुश कॅमवर हातात धरून छान फिरतो, म्हणून माणूस निश्चिंत होतो. तोच बुश ब्लॉकमध्ये गेला की कॅम धरून ठेवतो. एकेक बुश हाताच्या रीमरने वेगवेगळा केला तरी उपयोग नाही. तिन्ही भोकं आपापल्या जागी बरोबर येतात, पण एका रेषेत येत नाहीत. त्यासाठी लांब बार लागतो, जो दुसऱ्या बुशाचा आधार घेऊन पहिला कापतो.

आता अडकण्याची पद्धत. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे ढकलणारे तुकडे), चेन, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह आणि ऑइल पंपाचा ड्राइव्ह काढलेले हवेत. जर्नलना तेल लावा आणि कॅम दोन बोटांनी फिरवून बघा.

पूर्ण फेरीत सारखाच घट्ट लागत असेल तर दोष बुशात आहे. रीमिंग झालेलं नाही किंवा बुश रेषेत नाहीत. कॅम बाहेर काढा, जर्नलना मार्किंग ब्लूचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, परत घालून थोडा फिरवा आणि काढा. कोणत्या बुशावर निळा डाग दाट आहे ते दिसेल. डाग बुशाच्या एकाच बाजूला, कडेपाशी असेल तर रेष चुकली आहे.

एका फेरीत एकदाच अडकत असेल, म्हणजे अर्धी फेरी मोकळी आणि एका जागी जड, तर बुशाला हात लावू नका. कॅम वाकलेला आहे. व्ही-ब्लॉकवर दोन्ही टोकांचे जर्नल ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावला की खरं-खोटं लगेच कळतं. बरीच वर्षं आडवे पडून राहिलेले, जड सामानाखाली दबलेले कॅम असे निघतात. कॅम ठेवायचा असेल तर उभा टांगून ठेवा.

आणि तिसरा प्रकार, ज्यात चांगले मेस्त्रीही चकतात: कॅम मोकळा फिरतो, पण पुढच्या चेन गिअरचा नट आवळला की जाम होतो. इथे बुशाचा काही संबंध नाही. पुढे तीन स्क्रूंनी बसणारी एक लोकेटिंग प्लेट असते, तीच कॅमला पुढे-मागे सरकण्यापासून धरते. तिथला प्ले (सरकायची मोकळी जागा) तीन ते सात थाऊ हवा, म्हणजे ०.०८ ते ०.१८ मिमी. गिअर पूर्ण आवळल्यानंतरच फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घाला. आधी घेतलेलं माप काही कामाचं नाही.

गेल्या पावसाळ्यात सांगलीहून एक ब्लॉक आला. गाडी ग्राहकाच्या वडिलांनी घेतलेली, घरातली पहिली. आधीच्या गॅरेजमध्ये नवा कॅम घट्ट बसला म्हणून जर्नलना व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून तो फिरवत बसले होते. थोड्या वेळाने कॅम मोकळा झाला आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं. आम्ही मधल्या बुशावर पांढरं फडकं फिरवलं, ते करडं झालं. पुसून पुन्हा फिरवलं, पुन्हा करडं. भिंगातून पाहिलं तर मऊ पांढऱ्या धातूत पेस्टचे कण रुतून चमकत होते. ते कितीही धुतलं तरी निघत नाहीत. बुश स्वतः झिजत नाही, तो कॅमला कापत राहतो. मधला जर्नल तीन थाऊ गेलेला निघाला. नवा कॅम आणि नवे बुश, सगळं परत करावं लागलं. ग्राहक शांतपणे ऐकत होते, पण त्यांचा चेहरा पाहून आम्हालाच वाईट वाटलं. ग्राइंडिंग पेस्ट किंवा पॉलिश पेपर, दोन्ही बुशाजवळ आणू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

तेलाच्या भोकाबद्दल थोडं सविस्तर सांगणं गरजेचं आहे. या इंजिनात मागच्या कॅम बुशातून तेल वर चढतं, मागच्या रॉकर ब्रॅकेटमध्ये (रॉकर म्हणजे हेडवर व्हॉल्व्ह दाबणारे हात) जातं आणि तिथून पोकळ रॉकर शाफ्टमध्ये. तो बुश बसवताना जरासा फिरला, भोकावर भोक आलं नाही, तर खाली सगळं ठीक चालतं आणि वर रॉकर कोरडे राहतात. गाडी सुरू होते, गेजवर ऑइल प्रेशर छान दिसतं आणि थोड्या वेळाने वरून टकटक ऐकू येते. लोक टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करत बसतात. आम्ही प्रत्येक बुशाच्या भोकातून सायकलचा वाकवलेला आरा घालून बघतो. तो ब्लॉकच्या भोकात अडखळल्याशिवाय गेला पाहिजे. हेड बसवण्याआधी घरीही करता येईल अशी ही तपासणी आहे, दोन मिनिटं लागतात. रीमिंगनंतर भोकाच्या कडेला राहिलेला बर (धातूची धारदार कोर) मात्र नक्की साफ करा, कॅम अडकण्याचं तेही एक कारण असतं.

नवा कॅम टाकला तर टॅपेटही नवेच टाका. जुना कॅम ठेवणार असाल तर आठही टॅपेट ज्या जागेवरून काढले त्याच जागी परत गेले पाहिजेत. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, खळग्यांवर आकडे लिहा आणि काढता काढता ठेवत जा.

पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा ते आयडलवर ठेवू नका. लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) तेल मुख्यतः उडून पडतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. लोब आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली पेस्ट (हे वंगण आहे, वरची ग्राइंडिंग पेस्ट नव्हे) लावा आणि सुरू झाल्यापासून वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत चालवा. रेडिएटरकडे लक्ष असू द्या. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंक भरपूर असलेलं घ्या. आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी झिंक आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं, आणि अशा सपाट टॅपेटच्या कॅमला नेमकं तेच लागतं.

आमच्याकडे काम द्यायचं असेल तर नुसते बुश आणि कॅम पाठवू नका. ब्लॉक, कॅम, लोकेटिंग प्लेट, चेन गिअर आणि काढलेले जुने बुश एकत्र आणा. जुने बुश टाकून देऊ नका, ते कुठे आणि कसे झिजलेत यावरून बरंच कळतं. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचे) प्लग आम्ही काढून आतला गाळ साफ करतो, तुमच्याकडे घट्ट बसले असतील तर जबरदस्ती करू नका. काम झाल्यावर तिन्ही बुशांची आणि जर्नलची मापं लिहिलेली चिठ्ठी ब्लॉकसोबत मिळेल. ब्लॉक घ्यायला याल तेव्हा कॅम आत घालून आम्ही तुमच्याच हाताने फिरवून बघायला सांगतो. दोन बोटांनी फिरला तरच ब्लॉक गाडीत चढवा.