फंक्शनमधून मध्येच परतणं : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्यात जावावर हात बसलेला प्रोग्रामर स्काला या भाषेकडे वळतो, रिटर्न (फंक्शनमधून परतायची आज्ञा) दिसलं की निर्धास्त होतो. तिथेच फसतो.

शेवटच्या अभिव्यक्तीचं मूल्य हेच फंक्शनचं उत्तर, मग मधूनच परतायचं कशाला, असं म्हणणारे फंक्शनल प्रोग्रामिंगमधले शुद्धतावादी पुष्कळ. इतिहास एवढा सोवळा नाही. लिस्प १.५ या जुन्या भाषेत, १९६२ लाच, प्रॉगच्या (ओळीने आज्ञा लिहायच्या रचनेच्या) आत रिटर्न होतं. स्कीम या लिस्पच्या बोलीत कॉल-सीसी आलं, म्हणजे पुढचं उरलेलं काम हातात धरून हवं तेव्हा तिथे उडी घ्यायची सोय. एमएल या भाषेच्या घराण्यात एक्सेप्शन (नेहमीचा क्रम तोडून वर जाणारा अपवाद) फेकून सुटायची रीत पडली.

खरा घोळ स्कालाचा. २००४ साली आलेल्या या भाषेत रिटर्न राहिलं. पण लॅम्डाच्या (बिननावाच्या फंक्शनच्या) आत लिहिलेलं रिटर्न बाहेरच्या मेथडमधून परत आणेल, असं ठरलं. जिनिंगच्या आवारात उभ्या कापसाच्या गाड्यांची यादी घ्या. ओलावा १२ टक्क्यांवर गेलेली पहिली गाडी सापडली की फोरईचच्या (यादीतल्या प्रत्येकावर लॅम्डा चालवणाऱ्या मेथडच्या) आतून रिटर्न. (खरं तर इथे पहिली जुळणारी शोधून देणारा फाइंड पुरतो, पण सवय सुटत नाही.) दिसायला सरळ. आत मात्र एक्सेप्शन फेकलं जातं आणि बाहेरची मेथड ते झेलते. वाटेत कोणी सरसकट थ्रोएबल (फेकलं जाणारं काहीही) पकडणारा कॅच लिहून ठेवला असेल, तर तो ते गिळून टाकतो. तोच लॅम्डा फ्यूचरमध्ये (उत्तर नंतर देणाऱ्या कामात) दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे वेगळ्या समांतर धाग्यावर चालला, तर झेलायला कोणी उरलेलंच नसतं. निर्णय सोयीचा होता, शहाणपणाचा नव्हता. आणि तो मागे घ्यायला फार उशीर झाला: २०२२ मध्ये, स्काला ३.२ पासून, अशा रिटर्नवर इशारा येऊ लागला.

२०२३ च्या ३.३ मध्ये बाउंडरी (बाहेर पडायची हद्द) आणि ब्रेक (तिथून बाहेर पडणं) आले. कुठून बाहेर पडायचं ते आता लेबलने ठरतं. दोन्ही एकाच मेथडमध्ये असतील तर कंपायलर साधी उडी मारतो, नाहीतर पुन्हा एक्सेप्शनच. गंमत अशी की जुन्या रिटर्नचं एक्सेप्शन स्कालाच्या ट्रायच्या (फक्त साधे अपवाद पकडून त्यांचं मूल्य करणाऱ्या प्रकाराच्या) हाती लागत नसे, ३.३ मधला ब्रेक लागतो. एक भोक बुजवताना दुसरं पाडलं, असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे तरी उत्तर नाही.

बाकीच्या भाषांनी अपयश हेच मूल्य मानून पुढच्या पायऱ्या गाळायची वाट धरली. एलिक्सर या भाषेत त्यासाठी विथ आहे. तिच्या मुळाशी असलेल्या एर्लांगने २०२२ मध्ये तशीच मेबी ही रचना आणली, पण ती मुद्दाम चालू करावी लागे. २०२४ च्या ओटीपी २७ (एर्लांगची आवृत्ती) पासून ती आपसूक चालू असते.