झाकणाखालचं पाणी

मुंबईत मटण म्हणजे बोकडाचं, आणि रविवारी खाटकाकडे रांग लावून आणलेलं मटण बहुतेक घरांत रश्श्यातच जातं. पण गटारीला किंवा थर्टी फर्स्टला सोसायटीच्या गच्चीवर झाकणाचा गॅस बार्बेक्यू निघतो आणि अख्खी मांडी भाजायचा बेत ठरतो. ती बाहेरून करपली आणि आतून चिवट निघाली की बोल खाटकाला लागतो. मला विचाराल तर आधी पाण्याकडे पाहा. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं.

उघड्या जाळीवर उष्णता फक्त खालून लागते. सीखकबाबाला ते पुरतं. मांडी जाड, आणि मांसातून उष्णता फार हळू आत सरकते. म्हणून एका बाजूचे बर्नर पेटवायचे, मांडी न पेटवलेल्या बाजूला ठेवायची आणि झाकण लावायचं. आता गरम हवा मांसाभोवती चहूबाजूंनी फिरते आणि बार्बेक्यूची भट्टी होते. चरबीही ज्योतीवर ठिबकत नाही, त्यामुळे भडका उडत नाही.

या भट्टीतली हवा मात्र कोरडी नसते. गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्या मिनिटभरात त्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरतं, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. ते पाणी ज्योतीतूनच येतं. एलपीजीमधला हायड्रोजन जळून त्याची वाफ होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधून सुमारे 22 लिटर! त्यात पावसाळ्यातली मुंबईची हवा आधीच दमट.

याचे दोन परिणाम होतात. पहिला रंगावर. खरपूस तपकिरी रंग आणि तो वास येतो प्रथिनं आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. ती जोमानं चालायला साधारण 140 अंश सेल्सिअस लागतात, आणि ओला पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जातच नाही. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट त्याची वाफ करायला लागते. म्हणून मांडी आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडी ठेवा आणि भाजण्याआधी फडक्यानं टिपून घ्या. मसाल्यापेक्षा या टिपण्याचा फरक जास्त पडतो, असं माझं ठाम मत आहे. कच्ची पपई लावणार असाल तर बेतानं. तिच्यातलं पपेन वरच्या थरातच काम करतं. रात्रभर ठेवलं तर तो थर पिठूळ होतो आणि आतला चिवटपणा तसाच राहतो.

दुसरा परिणाम आतल्या तापमानावर. आच 120 अंशांच्या आसपास मंद ठेवली तर मांसात खोचलेल्या थर्मामीटरचा आकडा 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडकतो आणि बराच वेळ हलत नाही. माणसं घाबरून आच वाढवतात. गॅस कमी पडलेला नसतो. मिळणारी उष्णता पृष्ठभागावरचं पाणी उडवण्यात खर्च होत असते, माठात होतं तसं. मुंबईत माठातलं पाणी नागपूरइतकं गार होत नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. तेच इथे मुद्दाम घडवून आणता येतं. रंग धरला की मांडी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबतं आणि आकडा पुन्हा चढू लागतो.

तो चढायलाच हवा. चिवटपणा कोलॅजेनचा, म्हणजे मांसाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा असतो, आणि 70 अंशांच्या पुढे त्याचं जिलेटिन होण्याला वेग येतो. बोकडाच्या मांडीला मी 90 च्या आसपास नेते. तिथे सुरी अडत नाही. थर्मामीटरचं टोक हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो.

एका बाबतीत तडजोड नको. पेटवताना झाकण उघडंच हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. बंद झाकणाखाली तो साचतो आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. बंद गॅलरीत तर बार्बेक्यू लावूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उतरवल्यावर मांडीचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा गरम असतो, त्यामुळे आतलं तापमान आणखी काही अंश चढतं. वीसेक मिनिटं थांबून मग कापा. तोवर जिलेटिन जरा दाटतं आणि रस ताटात कमी सांडतो.