ट्रकची बॅटरी होडीवर कशी आली

मासेमारीच्या छोट्या बोटीवर दिसणारी बॅटरी बहुतेक वेळा ट्रकची किंवा ट्रॅक्टरची असते. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरवायला काही सेकंद दोन-तीनशे अँपिअरचा झटका द्यायचा आणि मग अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, जिवावर पुन्हा भरून राहायचं, एवढ्याच कामासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येनं जास्त ठेवलेल्या असतात. बोटीवर मात्र तिला रात्र रात्र थोडी थोडी वीज पुरवावी लागते, तीही इंजिन बंद असताना. या न जुळणाऱ्या सोयरिकीमागे बराच इतिहास आहे.

शिसं आणि गंधकाम्लाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी प्लेटांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापायची युक्ती काढली आणि ती कारखान्यात बनण्याजोगी झाली. शिडाच्या होडीला तिचा उपयोग नव्हता. दिव्याला कंदील पुरे होता.

इंजिनं आली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. केरळात नीण्डकरा इथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचा गाजावाजा जास्त झाला, पण तिथे इंजिनासाठी नव्या बोटी बांधाव्या लागल्या. मुंबई आणि सौराष्ट्राकडच्या फळ्यांच्या होड्या मुळातच इंजिन पेलणाऱ्या होत्या, त्यामुळे आहे त्याच होडीत डिझेल इंजिन बसवता आलं. एक-दोन सिलिंडरचं इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं, आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर लटकणारं) असेल तर दोरी ओढून. बॅटरीवाचून धंदा अडत नसे. चार-सहा सिलिंडरची, ट्रकच्या घराण्यातली इंजिनं बसू लागली तेव्हा ती गरजेची झाली. इंजिन ट्रकचं, सेल्फ ट्रकचा, मग बॅटरीही ट्रकची. शिवाय ती तालुक्याच्या गावी कुठल्याही दुकानात मिळते आणि जुनी दिली की शिशाचे पैसे वळते होतात. नाखव्याचा हिशेब त्या वेळी बरोबरच होता.

पुढे बोटीवरची उपकरणं वाढत गेली. जपानच्या फुरुनो कंपनीनं मासे शोधणारं यंत्र १९४८ मध्येच बाजारात आणलं होतं, पण आपल्याकडच्या छोट्या बोटीपर्यंत ते यायला काही दशकं गेली. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि स्वस्तातला जीपीएसही जाळ्याची जागा नेमकी दाखवू लागला. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले होते. त्यानंतर बोटींची ओळख आणि संपर्क हा सुरक्षेचा प्रश्न बनला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर (बोटीची ओळख आणि संदेश पाठवणारं यंत्र) बसवण्याची योजना सुरू झाली. त्यालाही वीज लागतेच.

आता आकडे पाहू. २५ वॅटचे तीन जुने बल्ब १२ व्होल्टवर मिळून साधारण ६ अँपिअर ओढतात. बारा तासांत ७२ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). म्हणजे ८० अँपिअर-अवरची बॅटरी पहाटेपर्यंत जवळजवळ रिकामी, आणि सेल्फ मारायची वेळ नेमकी तीच. तेच दिवे ३ वॅटच्या एलईडीचे असतील तर ९ अँपिअर-अवरमध्ये रात्र निघते. बॅटरी बदलण्याआधी दिवे बदलावेत, असं माझं मत आहे. वायरलेसवर बोलताना ५-६ अँपिअर जातात, पण बोलणं मिनिटांचंच असतं.

ट्रकच्या इंजिनाबरोबर आणखी एक खोड आली. मोठा सेल्फ २४ व्होल्टचा, म्हणून १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. वायरलेस आणि जीपीएस १२ चे, म्हणून त्यांची तार दोहोंपैकी एकीवरूनच काढली जाते. ती एक रोज जास्त उपसली जाते, तर चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं. एक कायम अर्धपोटी आणि दुसरी जादा भरून उकळलेली. मग वायरमन एकच बदलतो, आणि जुनी नवीलाही खाली ओढते. यावर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. त्याहून बरं म्हणजे उपकरणांसाठी वेगळी, जाड प्लेटांची बॅटरी ठेवावी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची) बॅटरी खोल उपसा सोसते, पण ती उंच असते आणि बोट हेलकावली की झाकणातून ॲसिड सांडू शकतं. १९५७ मध्ये जर्मनीत निघालेली जेलची बॅटरी, आणि नंतरची काचेच्या लोकरीत ॲसिड धरून ठेवणारी, या सांडत नाहीत. चार्जिंगचा व्होल्टेज जास्त झाला की मात्र कायमच्या वाळतात. उघड्या सेलमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू होतो. जुन्या पाणबुड्यांवरच्या खलाशांना त्याची चांगलीच धास्ती होती.

आपल्या किनाऱ्यावर बॅटरी मरते ती बहुधा पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या शाकारलेल्या, आणि बॅटरी आतच. उष्ण-दमट हवेत ती आपोआप उतरते, प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे बसतात आणि नारळी पौर्णिमेला सेल्फ नुसता टक् करतो. उपाय साधा आहे: मेअखेर पूर्ण भरून, आधी निगेटिव्हची तार सोडून, घरी न्यायची आणि महिन्याला एकदा भरायची. विश्रांती दिलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला अर्धी झाली समजावं. पाणी डिस्टिल्डच घालावं; खाडीकाठच्या विहिरीचं पाणी क्लोराइडमुळे प्लेटा खातं. जमिनीवर बॅटरी उतरते म्हणून खाली फळी ठेवायची प्रथा लाकडी पेट्यांच्या काळातली, आजच्या प्लास्टिकच्या पेटीला जमीन काही करत नाही.

आता लिथियमची विचारणा होते. लोह-फॉस्फेटचं हे रसायन टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकात आलं; त्या कामात अक्षय पाढी या संशोधकाचा मोठा वाटा होता. वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी टक्के उपसली तरी कुरकुर नाही. पण ती भुकेल्यासारखी करंट ओढते, आणि साधा अल्टरनेटर तासन् तास पूर्ण भारावर चालून जळू शकतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा चार्जर बसवायचा खर्च बॅटरीच्या किमतीतच धरावा.