पात्याचा जीव खाचेत

लाकडाच्या गिरणीतल्या बँडसॉसाठी, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं दातेरी पातं असलेल्या करवतीसाठी, धार लावायचं यंत्र घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, मिनिटाला किती दात होतात? स्वतः यंत्र बनवणारा मोटरपासून सुरुवात करतो. दोघांच्याही डोक्यात धार म्हणजे दाताचं टोक. पण अशी कितीतरी पाती बोथट होऊन नव्हे, तर तुटून बाद होतात, आणि तडा बहुधा सुरू होतो दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी.

हिशेब करून पाहू. १ मिमी जाडीचं पातं ५०० मिमी व्यासाच्या चाकावर वळलं की त्याची बाहेरची बाजू जाडी भागिले व्यास, म्हणजे ०.२ टक्के ताणली जाते. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताणलं जाण्याला त्याचा विरोध, साधारण २ लाख मेगापास्कल, म्हणून नुसत्या वळण्याचा ताण ४०० मेगापास्कल. पातं चढवताना दिलेला ताण वेगळाच. चाक सोडलं की वळण्याचा ताण उतरतो, पुढच्या चाकावर पुन्हा चढतो. ४ मीटर लांबीचं पातं सेकंदाला २५ मीटर वेगाने फिरत असेल, तर त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला साडेबारा वेळा वाकतो, तासाला ४५ हजार वेळा. एका दमात तोडायला अपुरा असलेला ताणही लाखो वेळा दिला तर धातू तडकतो, हे ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. हा धातूचा थकवा. खाचेच्या तळाशी ताण एकवटतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा तिथेच पडतात.

म्हणून धार लावताना दाताची पुढची बाजू, खाचेचा तळ आणि दाताची पाठ, या सगळ्यावरून एक पातळ थर निघायला हवा. भेग वाढण्याआधीच घासली जाते. फक्त टोक घासलं तर दात कापतो झकास, पण भेग आत वाढतच राहते. शिवाय खाच उथळ होत जाते आणि भुसा वाहून न्यायला जागा उरत नाही.

पातं रात्रभर उलटं टांगून ठेवलं की त्याला ‘विश्रांती’ मिळते, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. काम थांबल्यावर ताण सैल करावा हे खरंच, कारण तापलेलं पातं थंड होताना आखडतं. पण पोलादातली भेग झोप काढून भरत नाही.

घासताना खाच निळी पडली तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं असं समजा. तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरण्याची भीती असते. त्याहून खूप तापलं तर मागचं थंड पोलाद उष्णता झपकन शोषून घेतं आणि वर कडक, ठिसूळ थर तयार होतो. पुढची भेग तिथून निघते. एकदाच दाबून घासण्यापेक्षा दोन हलके फेरे बरे.

कॅमवर, म्हणजे फिरता फिरता दुसरा भाग वर-खाली करणाऱ्या वेड्यावाकड्या कडेच्या चकतीवर, चालणाऱ्या यंत्रात खटका दात पुढे ढकलतो आणि कॅम घासणाऱ्या चाकाला वर-खाली नेतो. त्या दोन हालचालींच्या मेळातून खाचेचा आकार उतरतो. खटका शक्यतो ज्या दातावर घासकाम चाललंय त्यालाच ढकलणारा असावा, म्हणजे दातांच्या अंतरातला फरक पुढच्या दातावर जात नाही. दुसरा प्रकार पूर्ण खाचेच्या आकाराच्या सीबीएन चाकाचा, वर तेलाची धार. सीबीएन म्हणजे घनाकृती बोरॉन नायट्राइड, हा अतिकठीण पदार्थ रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये बनवला. हिरा याहून कठीण, पण तापल्यावर त्यातला कार्बन लोखंडात विरतो, म्हणून पोलादावर हा बरा. अडचण एकच, दाताचा आकार बदलला की चाकही नवं.

यंत्र पारखताना दहा-बारा खाचांना मार्करची शाई फासा आणि एक फेरा चालवा. तळाशी शाई उरली तर चाक तिथे पोचलेलंच नाही. आधी चाकाची कड गोल करा, मग कॅमकडे वळा. एकाआड एक दाताला शाई उरली तर पात्याची पकडही तपासा.