उन्हात फ्रिक्वेन्सी उतरली, म्हणून घाबरू नका (पण प्रोबला हात लावू नका)

व्हायब्रेशन मॉनिटरिंग घेतलेल्या ठाणे-नवी मुंबईतील सोसायट्या व कारखान्यांसाठी

एप्रिल लागला की तोच फोन येतो: “जानेवारीत ३.२० हर्ट्झ होतं, आता ३.१५ दाखवतंय. स्ट्रक्चरला काही झालं का?” हा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी: स्ट्रक्चर आपल्या आपण सेकंदाला किती वेळा डोलते ते. तो उतरला तर बहुतेक वेळा फक्त ऊन वाढलेले असते.

तापल्यावर काँक्रीट आणि लोखंड दोन्हींचा ताठरपणा किंचित कमी होतो, त्याबरोबर फ्रिक्वेन्सीही. वरचा दीड टक्क्याचा फरक म्हणजे ताठरपणात साधारण ३ टक्के घट. खरी भेगसुद्धा सुरुवातीला एवढाच फरक दाखवू शकते, गोची तिथेच आहे. अमेरिकेतल्या अलामोसा कॅन्यन पुलाची पहिली फ्रिक्वेन्सी एका दिवसात सुमारे ५ टक्के हलली, तीही पूल धड असताना. उलट आल्बुकर्कीच्या एका पुलाचा गर्डर १९९३ मध्ये चाचणीसाठी टप्प्याटप्प्याने कापला, तर शेवटच्या मोठ्या कापापर्यंत फ्रिक्वेन्सी फारशी उतरलीच नाही.

कधी आकडा चढतोही. ३० मीटरचा स्लॅब २० अंशांनी तापला की ६-७ मिमी वाढतो. एक्सपान्शन जॉइंटमध्ये (दोन भागांत प्रसरणासाठी सोडलेल्या फटीत) वॉटरप्रूफिंगवाल्याचा माल अडकला असेल तर दोन्ही भाग एकमेकांना टेकतात आणि स्ट्रक्चर ताठ होते. गच्चीवरची टाकी भरलेली की रिकामी, यानेही फरक पडतो.

म्हणून आम्ही दर तासाला १० मिनिटे व्हायब्रेशन आणि त्याच वेळचे तापमान नोंदवतो, दोघांचे नाते बसवतो आणि त्या नात्यातून आकडा किती सुटला तेवढेच पाहतो. एका दिवसाच्या उडीवर अलार्म देत नाही. जाड बीमचा गाभा हवेच्या बराच मागून तापतो, त्यामुळे तापमान मोजणारा प्रोब काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवावा लागतो. मोबाइलवरचे ठाण्याचे तापमान इथे कामाचे नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक: हा प्रोब कोणीतरी हलवतो. रंगकाम निघते, किंवा “उन्हात खराब होईल” म्हणून वॉचमन काळजीपोटी तो जिन्याच्या सावलीत नेतो. समजा, स्लॅब ५० अंशांवर आहे आणि प्रोब ३३ सांगतो. तापमान कमी, तरी फ्रिक्वेन्सी उतरलेली. सॉफ्टवेअरला नुकसान नेमके असेच दिसते. खोटा अलार्म येतो, आमचा इंजिनिअर धावतो, पण तो त्रास किरकोळ. जुनी आणि नवी नोंद जोडता येत नाही, सगळे नाते पहिल्यापासून बसवावे लागते. जो प्रोब झाकायला मेमध्ये अर्धा तास पुरला असता, तो हलवल्यामुळे पुढचे कित्येक महिने जातात.

रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंगच्या दोन दिवस आधी कळवा. प्रोब आणि सेन्सर आम्ही जागेवरच झाकून देतो, वार्षिक करारात त्याचे वेगळे पैसे नाहीत. हललाच असेल तर परत चिकटवू नका. तारीख, वेळ लिहा, फोटो पाठवा. गच्चीवर पत्र्याची शेड घातली तरी सांगा: प्रोब जागचा हलला नाही तरी स्लॅबवरचे ऊन बदलते.

“वर्षभर कशाला, चार भेटींत सांगा,” असेही ऐकू येते. मार्चमध्ये बसवलेल्या यंत्रणेने पावसाळा आणि डिसेंबर पाहिलेला नसतो, म्हणून पहिल्या वर्षीच्या रिपोर्टवर आम्ही ‘तात्पुरता’ असे स्पष्ट लिहितो. आणि हे मॉनिटरिंग स्ट्रक्चरल ऑडिटच्या जागी चालत नाही, ते वेगळे करून घ्यावेच लागते.

एकच प्रोब असलेल्या जुन्या ग्राहकांनी स्लॅबच्या खालच्या बाजूला दुसरा बसवून घ्यावा. वरच्या-खालच्या तापमानातला फरक कळतो आणि एक बंद पडला तरी नोंद तुटत नाही. काम अर्ध्या दिवसाचे आहे.